डोमेनच्या नोंदीत घरचा पत्ता दिसतोय? झाका, पण मालकी स्वतःच्याच नावावर ठेवा

साखळीहून एका ताईंचा प्रश्न आलाय, तो आधी थोडक्यात सांगतो. ताई घरूनच आमसुलं, कोकमाचं आगळ, पापड आणि मसाले विकतात. 2016 साली वेबसाइट करून देणाऱ्या मुलाने त्यांना डॉट कॉम डोमेन, म्हणजे साइटचं नाव, घेऊन दिलं, गेल्या वर्षी डॉट इन पण घेतलं. नवरा बोटीवर, घरात ताई आणि सासूबाई दोघीच. आता कुणीतरी व्हॉट्सॲपवर त्यांचं पूर्ण नाव, घर नंबर, वाडा, गाव, मोबाइल सगळं लिहून पाठवलं आणि खाली लिहिलं, तुमचं डोमेन संपतंय, आजच्या आज 8,000 रुपये भरा नाहीतर साइट बंद. वेबसाइटवाल्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला की प्रायव्हसी लावणं, म्हणजे नोंदीतलं नाव-पत्ता झाकणं, भारतात बेकायदेशीर आहे, त्यापेक्षा मी डोमेन माझ्या नावावर करून घेतो म्हणजे तुमचं नाव कुठे दिसायचंच नाही. ताई विचारतायत, काय करू?

ताई, दोन गोष्टी लगेच सांगतो, बाकी सावकाश वाचा. पैसे भरू नका. आणि डोमेन त्या मुलाच्या नावावर करू देऊ नका, तो कितीही चांगला असला तरी. मी फोंड्यात बसून गोव्यातल्या छोट्या छोट्या व्यवसायांची डोमेनं, मेल आणि होस्टिंग बघतो, आणि इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त नुकसान जर कशाने झालेलं बघितलं असेल तर ते माहिती उघडी राहिल्याने नाही, मालकी दुसऱ्याच्या नावावर राहिल्याने.

आधी तो मेसेज. डॉट कॉमचा घाऊक दर, म्हणजे रजिस्ट्रार (आपल्याला डोमेन विकणारी कंपनी) वर रजिस्ट्रीला (सगळ्या डॉट कॉमची मूळ वही सांभाळणाऱ्या संस्थेला) जे देतो ते, सप्टेंबर 2024 पासून वर्षाला 10.26 डॉलर आहे. त्यावर रजिस्ट्रारचा नफा, टॅक्स सगळं धरलं तरी साधं एका वर्षाचं रिन्यूअल 8,000 च्या जवळपाससुद्धा जात नाही. आणि खरा रजिस्ट्रार तुमच्या रजिस्टर मेलवर कळवतो, पैसे तुमच्या अकाउंटमध्ये लॉगिन करून भरायचे असतात, अनोळखी नंबरवरून यूपीआय क्यूआर पाठवत नाही. शिवाय तारीख चुकली तरी डॉट कॉम त्याच दिवशी हातचं जात नाही, बहुतेक रजिस्ट्रार काही दिवस नेहमीच्याच दरात रिन्यू करू देतात आणि त्यानंतर डोमेन डिलीट झालं तरी 30 दिवसांचा परत मिळवायचा काळ असतो, तो महाग पडतो पण असतो. साइट मधल्या काळात बंद पडू शकते, तेव्हा तारीख बघून ठेवाच. पण "आजच्या आज" हे घाबरवायला लिहिलेलं आहे.

मग त्यांच्याकडे तुमचा घर नंबर आला कुठून? हे नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

डोमेन घेतलं की घेणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन, ईमेल नोंदवावा लागतो. या नोंदी बघायची जी सोय तिला हूइज म्हणतात, आणि तिचं पहिलं अधिकृत वर्णन 1982 सालचं आहे. तेव्हा इंटरनेट नव्हतं, अमेरिकेतलं अर्पानेट होतं, विद्यापीठं आणि सरकारी लॅबमधले लोक एकमेकांना ओळखणारे, एखादं मशीन बिघडलं तर कुणाला फोन करायचा हे कळावं म्हणून ती डिरेक्टरी. त्यात पासवर्ड नाही, कोण विचारतोय याची चौकशी नाही, विचारलं की उत्तर. पुढे लाखो सामान्य माणसं डोमेन घ्यायला लागली तरी व्यवस्था तीच राहिली. उलट आयकॅनच्या, म्हणजे जगभरातल्या डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेच्या, 2001 च्या करारात तर असं कलम होतं की रजिस्ट्रारने आपल्याकडच्या सगळ्या ग्राहकांच्या नोंदी एकगठ्ठा मागणाऱ्याला द्यायच्या, वर्षाला जास्तीत जास्त 10,000 डॉलर घेऊन. मार्केटिंगसाठी वापरू नका अशी अट होती त्यात, पण एकदा गठ्ठा हातात गेल्यावर ती पाळतंय कोण. 2013 च्या नव्या करारात ही सरसकट सक्ती गेली.

आता हे गोव्यात किती बोचतं ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. मुंबईत पत्ता म्हणजे बिल्डिंग, खाली वॉचमन, लिफ्ट. आपल्याकडे घर नंबर, वाडा, गाव एवढं लिहिलं की माणूस थेट तुळशीवृंदावनापर्यंत येतो, वाटेत कुणालाही विचारा, "ते बोटीवर असतात त्यांचं घर ना?" असं म्हणून रस्ता दाखवतील आणि नवरा घरी नाही हेही सांगून मोकळे होतील. डिचोली, सत्तरी, पेडणे, कुठल्याही गावात हेच. म्हणून तुमची भीती मी अजिबात हलकी समजत नाही, आणि "आजकाल सगळ्यांचीच माहिती बाहेर आहे, काय होतंय" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

परिस्थिती बदलली 2018 मध्ये. युरोपचा जीडीपीआर नावाचा डेटा संरक्षणाचा कायदा 25 मे 2018 ला लागू झाला, आणि माणसाचं नाव पत्ता असं जगासमोर ठेवणं त्यात बसेना. आयकॅनने त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, 17 मे ला, तात्पुरते नियम काढले, की नोंद घ्यायची पूर्ण पण दाखवताना वैयक्तिक भाग झाकायचा. युरोपातल्या लोकांपुरतंच करायचं की सगळ्यांसाठी हे रजिस्ट्रारवर सोडलं होतं, पण कोण युरोपातला आणि कोण नाही हे वेगळं करत बसण्यापेक्षा सगळ्यांचंच झाकणं सोपं, म्हणून त्याचा फायदा साखळीतल्या माणसालाही मिळाला. त्या तात्पुरत्या नियमांची जागा घेणारं कायमचं धोरण 21 ऑगस्ट 2025 पासून लागू आहे, आणि डॉट कॉमसारख्या डोमेनांसाठी जुन्या हूइजची सक्तीही 28 जानेवारी 2025 ला संपली, आता आरडॅप नावाची नवी पद्धत आहे. तिच्यात कुणाला किती दाखवायचं हे ठरवता येतं. लोक अजून हूइजच म्हणतात, मीही म्हणतो.

तर आज तुम्ही आयकॅनच्या लुकअप, म्हणजे नोंद शोधायच्या, पानावर तुमचं डॉट कॉम टाकून बघितलंत तर बहुधा नाव, रस्ता, फोनच्या जागी "गोपनीयतेसाठी झाकलेलं" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य दिसेल. राज्य आणि देश दिसतो, म्हणजे गोवा, भारत. डोमेन कधी घेतलं, कधी संपतं, रजिस्ट्रार कोण, नेमसर्व्हर (डोमेन कुठल्या मशीनकडे न्यायचं ते सांगणारे) कुठले, हेही दिसतं. संपायची तारीख त्या मेसेजवाल्याला तिथूनच मिळाली. पण घर नंबर तिथून मिळाला नाही.

तो मिळाला 2016 च्या नोंदीतून. तुमचं डोमेन घेतलं तेव्हा सगळं उघडं होतं, दोन वर्षं तरी उघडं राहिलं, आणि त्या काळात हूइजच्या नोंदी रोजच्या रोज उतरवून ठेवणाऱ्या कंपन्या होत्या, आजही आहेत. डोमेनटूल्ससारख्या कंपनीचा तर तो उघड धंदा आहे, जुन्या नोंदींचा इतिहास विकणं. ते सायबर सिक्युरिटीवाल्यांना उपयोगी पडतं, मीही नाकारत नाही. पण अशाच उतरवलेल्या याद्या खालच्या बाजारात हातोहात फिरतात आणि फसवणारे त्या आजच्या एक्स्पायरी तारखेशी जोडतात.

याचा अर्थ सरळ आहे, आणि कटू आहे. आज प्रायव्हसी लावली तरी 2016 चं बाहेर गेलेलं परत येत नाही. कुणी पैसे घेऊन "सगळीकडून काढून टाकतो" म्हणाला तर तोही तुम्हाला फसवतोय. पत्ता बदलता येत नाही, घर तेच राहणार. पण मोबाइल आणि ईमेल बदलता येतात, आणि फसवणुकीचा रस्ता त्या दोनवरूनच जातो. म्हणून धंद्याचा नंबर वेगळा घ्या, साधं प्रीपेड सिम चालेल, आणि जुना नंबर फक्त घरच्यांसाठी ठेवा. बँकेचा ओटीपी ज्या नंबरवर येतो तो नंबर कधीच साइटवर, कधीच नोंदीत टाकू नका.

आता "प्रायव्हसी बेकायदेशीर आहे" याचं बघू. मुलगा खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही, त्याने अर्धं ऐकलंय. डॉट इन आपल्या देशाचं डोमेन, ते निक्सी ही संस्था चालवते, आणि निक्सीच्या नियमात डॉट इनवर प्रायव्हसी किंवा प्रॉक्सी सर्व्हिस चालत नाही, म्हणजे तुमच्या जागी दुसऱ्या कंपनीचं नाव पत्ता नोंदवायला बंदी. अमेरिकेच्या डॉट यूएसलाही तशीच बंदी आहे. पण ही डॉट इनपुरती रजिस्ट्रीची अट झाली. डॉट कॉमवर प्रायव्हसी घेणं हा भारतात गुन्हा नाही. आणि डॉट इनमध्येसुद्धा बाहेर दिसणाऱ्या नोंदीत माणसाचं नाव, रस्ता, फोन, ईमेल आता झाकलेलेच असतात, राज्य, देश आणि संस्थेचं नाव तेवढं दिसतं.

इथे दोन वेगळ्या गोष्टी लोक एकच समजतात. एक म्हणजे झाकणं: रजिस्ट्रारकडे नोंद तुमचीच, फक्त जगाला दाखवताना आड ठेवली. दुसरी म्हणजे प्रॉक्सी: नोंदीत मालक म्हणून दुसऱ्याच कंपनीचं नाव लागतं आणि तुमचं त्यांच्याशी वेगळं ॲग्रीमेंट असतं की खरी मालकी ताईंची. 2018 च्या आधी प्रॉक्सीला मोठा अर्थ होता कारण दुसरा उपायच नव्हता, लोक त्याला वर्षाला वेगळे पैसे भरायचे. आता झाकणं बहुतेक ठिकाणी फुकट आणि आपोआप होतं, म्हणून घरगुती व्यवसायाला मी प्रॉक्सी शक्यतो सुचवत नाही. कारण रजिस्ट्रारच बुडाला तर? 2007 मध्ये अमेरिकेत रजिस्टरफ्लाय नावाचा रजिस्ट्रार कोसळला तेव्हा ज्यांनी प्रायव्हसी घेतली होती त्यांच्याच डोमेनांचा सगळ्यात जास्त घोळ झाला, कारण बॅकअप नोंदीत खऱ्या मालकाचं नावच नव्हतं. त्यानंतर नियम कडक झाले हे खरं, पण तत्त्व तेच राहतं की कागदावर जो मालक तो मालक.

आणि म्हणूनच त्या मुलाचा प्रस्ताव नको. पंचायतीच्या घरपट्टीच्या वहीत घर तुमच्या नावावर असतं आणि दारावर पाटी लावायची की नाही ते तुमच्या मर्जीवर, पाटी नको म्हणून कुणी घरपट्टी शेजाऱ्याच्या नावावर करत नाही. डोमेनचं अगदी तेच आहे. त्याच्या नावावर केलंत की आयकॅनच्या दृष्टीने, रजिस्ट्रारच्या दृष्टीने, उद्या कोर्टात गेलात तर पहिल्या नजरेत कोर्टाच्याही दृष्टीने मालक तो. तो दुबईला नोकरीला गेला, मोबाइल नंबर बदलला, त्याचं मेल अकाउंट बंद पडलं, त्याचं तुमच्याशी बिलावरून वाजलं, यातलं काहीही झालं तरी तुम्ही रजिस्ट्रारला फोन केल्यावर ते विचारणार, "तुम्ही कोण?" म्हापशापासून काणकोणपर्यंत मी हे बघितलंय, होमस्टे, दुकान, एका देवस्थानाची साइटसुद्धा. त्यात कुणाची बदमाशी असतेच असं नाही, बहुतेक वेळा निव्वळ आळस असतो, पोराने शंभर गिऱ्हाइकांची डोमेनं एकाच अकाउंटमध्ये स्वतःच्या मेलवर घेतलेली असतात कारण त्याला ते सोपं पडतं. पण चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधी ऑर्डरी भरभरून येत असताना साइट बंद पडली की आळस काय आणि बदमाशी काय, फटका तोच.

खरं तर मला शंका आहे की आत्ताही डॉट कॉम पूर्णपणे तुमच्या हातात नाहीये. ओळखायची एक सोपी खूण सांगतो. रजिस्ट्रारने वर्षातून एकदा मालकाला मेल पाठवायचा असतो की तुमची नोंदवलेली माहिती ही अशी आहे, चुकली असेल तर सुधारा, हा नियम 2003 पासून आहे. तो मेल तुम्हाला आजवर एकदाही आला नसेल, स्पॅममध्ये पण नसेल, तर नोंदीतला ईमेल तुमचा नाही. आणि ज्याच्या मेलवर पासवर्ड रीसेट होतो त्याच्या हातात डोमेन.

दुसरी चूक काही लोक करतात, खोटी माहिती देऊन मोकळे होतात. नाव भलतंच, फोन सगळे नऊ, पत्ता पणजी मार्केट. हे करू नका. कराराप्रमाणे माहिती खरी द्यायची जबाबदारी तुमची आहे, आणि मुद्दाम खोटी दिली तर डोमेन रद्द करता येतं. शिवाय नवीन नोंदणी केली किंवा नाव-ईमेल बदललं की रजिस्ट्रारला 15 दिवसांत ईमेल किंवा फोन तपासावा लागतो, तुम्ही लिंकवर क्लिक केलं नाही आणि त्यांना दुसऱ्या मार्गाने खात्री करता आली नाही तर डोमेन बंद ठेवतात. हे तुमच्यासाठी खास सांगतोय कारण घरात कमावता पुरुष म्हणून सगळं नवऱ्याच्या ईमेलवर टाकायची सवय असते आपल्याकडे. तो भर समुद्रात, नेट कधी आहे कधी नाही, लिंक पडून राहणार आणि सोळाव्या दिवशी इकडे साइट गायब. धंदा तुमचा आहे, ईमेल तुमचाच द्या, मोबाइलही तुमचा, जो रोज हातात असतो.

आणि संस्थेचं नाव लिहायचा जो रकाना असतो, ऑर्गनायझेशन, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. माणसाचं नाव झाकलं तरी तो रकाना बाहेर दिसू शकतो, डॉट इनमध्ये तर दिसतोच. घरगुती व्यवसायवाले तिथे परत स्वतःचंच पूर्ण नाव लिहितात आणि मग वरचं नाव झाकूनही उपयोग काय. तिथे जीएसटी किंवा उद्यम नोंदणीत जे धंद्याचं नाव आहे ते लिहा, नाहीतर रिकामा सोडा. फक्त हे लक्षात असू द्या की तिथे नाव भरलं की मालक ती संस्था धरली जाते. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर त्याने फार बिघडत नाही, पण बहिणीबरोबर किंवा मैत्रिणीबरोबर भागीदारी असेल तर आधी आपसात लिहून ठेवा की डोमेन कुणाचं.

करायचं कसं ते सांगतो. लुकअपमध्ये रजिस्ट्रारचं नाव बघा. त्या रजिस्ट्रारकडे स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइलच्या ओटीपीवर नवीन अकाउंट उघडा, दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा. मग मुलाला सांगा की डोमेन माझ्या अकाउंटमध्ये ढकल, त्याच रजिस्ट्रारमधल्या एका अकाउंटमधून दुसऱ्यात पाठवणं हे बहुतेक ठिकाणी थोड्या वेळाचं काम आहे, आणि भांडणाच्या सुरात नको, "मिस्टर घरी नसतात, माझ्याकडे असलं तर मला बरं पडेल" एवढं पुरे. मालकाच्या नावात बदल झाला तर त्यानंतर 60 दिवस सहसा दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही, तेव्हा रजिस्ट्रार बदलायचा विचार असेल तर घाई करू नका, आधी मालकी नीट करा. ऑटो रिन्यू चालू करा आणि जमलं तर दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम भरून टाका. मुलगा टाळाटाळ करायला लागला तर त्याची 2016 ची पावती, बँकेतून गेलेले पैसे, जुने चॅट सगळं गोळा करून रजिस्ट्रारच्या सपोर्टला लिहा. तंटा वाढलाच तर डॉट कॉमला यूडीआरपी आणि डॉट इनला आयएनडीआरपी अशा लवादाच्या वाटा आहेत, पण तिथे तुमच्या ब्रँडच्या नावावर तुमचा हक्क दाखवावा लागतो, खर्च होतो, त्यापेक्षा आत्ता गोडीने झालेलं चांगलं.

डॉट इनसाठी रजिस्ट्रार हल्ली केवायसी मागतात. मागितलं तर घाबरू नका, पण रजिस्ट्रारच्या स्वतःच्या साइटवर लॉगिन करूनच अपलोड करा, व्हॉट्सॲपवर कुणालाही आधारचा फोटो पाठवू नका. यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार मिळतो, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. चालत असेल तिथे तेच द्या.

आता तुम्ही म्हणाल एवढं करून घरचा पत्ता पूर्ण लपला का? नाही ताई, आणि तसं वचन मी देणार नाही. खाण्याचा माल विकता तर पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव पत्ता छापावा लागतो, एफएसएसएआयचा नियम आहे आणि योग्य नियम आहे, आगळ खराब निघालं तर गिऱ्हाइकाने जायचं कुठे. स्वतःच्या साइटवरून नियमित विक्री करत असाल तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे धंद्याचं नाव, पत्ता, तक्रारीसाठी संपर्क साइटवर दाखवायला लागतो. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला की धंद्याचं ठिकाण दिसतं. ट्रेडमार्कचा अर्ज केलात तर अर्जदाराचं नाव पत्ता जर्नलमध्ये छापून येतो, आणि तो छापून आला की परत वेगळेच फोन सुरू होतात, तेव्हा अर्ज करण्याआधीच कुठला पत्ता द्यायचा ते ठरवा.

तरी मी डोमेनच्या नोंदीवर एवढा जोर का देतोय? कारण पाकिटावरचा पत्ता ज्याने पाकीट विकत घेतलं त्याच्या हातात जातो. डोमेनची उघडी नोंद एक मशीन एका रात्रीत लाखो लोकांची गोळा करतं, नाव आणि मोबाइल आणि ईमेल आणि पत्ता एका ओळीत लावून. धोका त्या गठ्ठ्यात आहे. त्यामुळे पत्ता द्यावाच लागतो तिथे शक्य असेल तर घराऐवजी धंद्याचा द्या, बाजारात एखादा गाळा असेल, बचतगटाची जागा असेल, जिथे तुमच्या नावाने आलेलं पत्र खरोखर तुम्हाला मिळतं आणि लायसन्समध्ये जी दाखवता येते अशी. सगळीकडे तोच एक पत्ता ठेवा म्हणजे केवायसीत अडचण येत नाही.

एक उलट बाजूही आहे आणि ती गोव्यात टाळून चालणार नाही. पर्यटकांना फसवणाऱ्या खोट्या व्हिलांच्या साइट आपल्याकडे किती निघतात तुम्हाला माहीत आहे, फोटो दुसऱ्याच बंगल्याचे, पैसे आगाऊ, माणूस कुटुंबाला घेऊन विमानाने उतरतो आणि तिथे व्हिलाच नाही. असे लोक प्रायव्हसीमागे लपतात, हे खरं आहे. मोठ्या ब्रँडवाल्यांच्या अशाच तक्रारींवरून दिल्ली हायकोर्टात प्रायव्हसीचा मुद्दा पुन्हा पुन्हा येतो, आरोपीचं नावच माहीत नसतं म्हणून "अशोक कुमार" या काल्पनिक नावाने केस लावतात. मला त्यांचा राग कळतो. पण सगळं परत उघडं करा या मागणीशी मी सहमत नाही. उघडं होतं तेव्हाही चोराने खरं नाव कधी लिहिलं नव्हतं, खरं नाव लिहिलं होतं ते तुमच्यासारख्यांनी, आणि त्रासही तुम्हालाच झाला. पोलिसांना रजिस्ट्रारकडून माहिती मागता येते. वकिलांना, ट्रेडमार्क मालकांना मागता यावी म्हणून आयकॅनने नोव्हेंबर 2023 मध्ये आरडीआरएस नावाची सोय सुरू केली, ती अजून कमजोर आहे, रजिस्ट्रार सगळ्याच विनंत्या मान्य करत नाहीत, ती मजबूत व्हायला हवी हे मी मनापासून म्हणतो. मागणारा कोण, कशासाठी मागतोय, हे बघून द्यावं. युरोपने 2022 च्या एनआयएस टू निर्देशात तसंच केलंय, नोंद अचूक ठेवा, कंपन्यांची उघड ठेवा, माणसांची झाका, आणि योग्य कारण दाखवणाऱ्याला 72 तासांत उत्तर द्या. आपल्याकडे ही वाट चांगली चालेल असं माझं मत आहे.

आणि पर्यटकाला फसवणूक ओळखायला नाव लागतही नाही. साइटवर लिहिलंय "वीस वर्षांची परंपरा" आणि लुकअपमध्ये डोमेन गेल्या महिन्यात घेतलेलं, एवढंच पुरतं. रजिस्ट्रारचा तक्रारीचा ईमेल आणि फोन त्या नोंदीत उघडा असतो, आणि एप्रिल 2024 पासून फिशिंगची, म्हणजे खोट्या साइटने पासवर्ड वगैरे चोरण्याची, पुराव्यासह तक्रार आली तर डॉट कॉमसारख्या डोमेनांवर रजिस्ट्रारला हालचाल करावीच लागते.

आपल्या देशाच्या कायद्याचं म्हणाल तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि दुरुस्ती, खोडणं वगैरे मुख्य हक्क लागू व्हायला तिथून 18 महिने, म्हणजे 2027 चा मे. दंड 250 कोटींपर्यंत आहे. पण त्यात एक गोष्ट बघून ठेवा: माणसाने स्वतःहून जी माहिती जगजाहीर केली तिला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे साइटच्या "संपर्क" पानावर तुम्हीच घरचा नंबर आणि सासूबाईंचा लँडलाइन टाकला असेल तर उद्या कायदा त्याच्यासाठी धावून येणार नाही. आज संध्याकाळी ते पान उघडून बघा, आणि गूगल मॅपवर दुकान म्हणून घराची पिन लावली असेल तर तीही.

राहिला तो मेसेजवाला. मेसेज डिलीट करू नका, नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, मगच ब्लॉक करा. उत्तर देऊ नका, "पैसे भरले का" म्हणून फोन आला तर काही न बोलता ठेवा. वेबसाइट करून देतो म्हणणारे जाहिरातीचे फोन 1909 वर नोंदवा. पैसे गेले असतील, थोडे जरी, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडकवता येण्याची शक्यता जास्त, आणि धमकी घरापर्यंत येण्याची असेल तर डिचोली पोलीस स्टेशनला लेखी द्या, रायबंदरच्या सायबर सेलला काय कळवायचं ते तिथून कळेल. सासूबाईंनाही सांगून ठेवा की वेबसाइटच्या नावाखाली कुणी दारात आला तर दार उघडायचं नाही, ताई घरी नाहीत म्हणायचं नाही, फोन करा म्हणायचं.

आधी लुकअप करून रजिस्ट्रारचं नाव काय निघतं आणि तो वार्षिक मेल कधी आलाय का, एवढं दोनच मला सांगा. पासवर्ड, ओटीपी, आधार, यातलं मला काही पाठवू नका. रजिस्ट्रार कळला की अकाउंट बदलायची नेमकी पद्धत सांगतो, प्रत्येकाकडे बटणं वेगळ्या जागी असतात.